पायरीवरचा भात

नारायणगुडा, हैदराबाद
३ फेब्रुवारी २०२५

चि. भाग्यलक्ष्मी,

तुझी चिठ्ठी पोचली. अर्धा कागद, त्यावर एक ओळ. "अण्णा, त्या दिवशी सकाळी मी खरंच तसं म्हणाले होते का?" ना नमस्कार, ना माझ्या तब्येतीची चौकशी. छत्तीस वर्षं जामबागच्या शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं मी, आणि पोटच्या पोरीची ही तऱ्हा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. फोनवर माझा नंबर ब्लॉक करून ठेवलास. बापाचा आवाज नको, पण बापाकडून उत्तर मात्र पाहिजे. मग घे, कागदावर घे.

हो, म्हणालीस. पहाटे साडेपाचला, जीपमध्ये चढता चढता. "अण्णा, तो लाडवांचा डबा आमच्या तंबूत आणून ठेवा, श्रुतीला आल्या आल्या भूक लागते." अर्धवट झोपेत होतीस, केसाचा चिमटा तोंडात धरला होता. तुला आठवत नाही त्याला मी काय करू? कॅम्पवाल्यांनी पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं होतं, खाण्याचं काही तंबूत ठेवू नका, सगळं स्वयंपाकघरातल्या कपाटात द्या, आणि तंबूची चेन कायम लावून तिला कडी घाला. तू म्हणालीस म्हणून मी डबा काढून आणला. तंबूची चेन तू सकाळी उघडी टाकून गेलीस, गुडघ्यामुळे वाकून ती मला लावता आली नाही. वासानं बबून माकड आत शिरलं आणि सात वर्षांच्या पोरीचा गाल डोळ्याखालून ओठापर्यंत फाडला. यात मी काय नवीन सांगणार? हेच मी तिथल्या मॅनेजरला सांगितलं, हेच तुझ्या नवऱ्याला, हर्षदरावांना. आता ते पोरीचा ताबा मागायला कोर्टात गेले तर तिथेही हेच सांगावं लागेल. खरं ते खरं.

खामोखा माझ्यावर रुसून बसली आहेस. रुसायचं तर स्वतःवर रूस.

आणि ती नैरोबीकडची सहल तरी कोणाच्या डोक्यातली होती? "आई गेल्यापासून तुम्ही घराबाहेर पडला नाहीत अण्णा, चला, तुम्हाला सिंह दाखवते." दाखवलास की. नाही म्हणत नाही, मजा आली. दुसऱ्या दिवशी तो चित्ता आपल्या जीपच्या बॉनेटवर चढून बसला, आठवतं? काचेपलीकडे त्याची पोटाची कातडी श्वासाबरोबर हलत होती. ड्रायव्हर पुटपुटला, कोणी हलू नका. हर्षदरावांच्या कपाळाला घाम. श्रुतीनं माझ्या हाताला नखं रुतवली होती, पण पोर बिलकुल रडली नाही. आणि तू काय करत होतीस? फोटो काढत होतीस. नदीवर त्या हजारो नू-हरणांची झुंबड उडाली, मगरीनं एकाचं तंगडं धरलं, पोर डोळे मिटून माझ्या पोटात शिरली, तेव्हाही तू फोटोच काढत होतीस. आईपणाचं म्हणशील तर मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

दिलसुखनगरच्या त्या दोन खोल्यांत तू, पोर आणि वर-खाली कोचिंग क्लासची हजार पोरं. इथे घर रिकामं पडलं आहे. तुला सरळ माहेरी यायला काय झालं होतं? पण नाही. ताठा आईवर गेला नाही, माझ्यावर गेला.

डबा लावला आहे बाहेरून. भाजीत तिखटाशिवाय काही नसतं. पोट जळतं.

अण्णा


११ मार्च २०२५

चि. भाग्यलक्ष्मी,

या खेपेला पान भरून लिहिलंस, म्हणजे सुधारणा आहे. मराठी मात्र अगदीच मोडकं. असो, भाव पोचला.

तू विचारतेस, त्या सकाळी मी जीपमध्ये का आलो नाही. गुडघा. आदल्या दिवशी तीन तास त्या खड्ड्यांतून आदळत हिंडलो, सत्तरी ओलांडलेला माणूस मी. वकिलानं शिकवला का प्रश्न? संशय घ्यायला मीच सापडलो तुला! नाचता येईना अंगण वाकडं.

तू म्हणतेस की चेन लावून कडी घातल्याचं तुला लख्ख आठवतं. थंडीनं बोटं बधिर झाली होती म्हणून कडी दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली, हेसुद्धा आठवतं. बरं. मग डब्याचं बोललेलं का आठवत नाही? एक आठवतं आणि एक नाही, असं कसं? मी गणित शिकवलं नाही, पण एवढा हिशेब मलाही येतो. ती कडी तू कदाचित आदल्या दिवशी घातली असशील. रोजचीच कामं डोक्यात एकमेकांत मिसळतात. तुझी आई गॅस बंद केला का म्हणून चार वेळा उठून बघायची. तुझं तिच्यावरच गेलं आहे.

आता आईचा विषय निघालाच आहे तर बोलतो. सहल पितृपक्षात ठरवलीस. ऑफिसची रजा तेव्हाच मिळते म्हणे. मी नाही म्हणालो नाही, पण मनातून मला ते रुचलं नव्हतं. पंचवीस सप्टेंबरला, हे सगळं झालं त्याच दिवशी, नवमी होती. अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बाईची तिथी वर्षातून तेवढी एकच, आणि त्या दिवशी तिची मुलगी हातात दुर्बीण घेऊन हत्ती मोजायला निघाली. तुझ्या लक्षातसुद्धा नव्हतं. मी आठवण करून दिली नाही. बघत होतो, हिला आठवतं का.

मी काही केलं का, म्हणून विचारू नकोस. जंगलात काय करणार? दक्षिणेकडे तोंड करून हात जोडले, झालं.

त्याच्या आदल्या वर्षी इथे गच्चीवर पान ठेवलं होतं. दोन तास कावळा शिवला नाही. समोरच्या टाकीवर सहा-सात बसले होते, एक खाली उतरेल तर शपथ. शेजारची तेलुगू बाई तिच्या गच्चीवरून बघत होती. लाजेनं मेल्यासारखं झालं. शेवटी पान उचलून गायीला घातलं. तेव्हापासून मला चैन नाही. तुझ्या आईचं, माझ्या मालनचं, काय राहिलं होतं? नऊवारी होती, सोनं होतं, नातीचं तोंड पाहून झालं होतं.

तुला माहीत आहे काय राहिलं होतं. तेच मनात धरून बसली आहेस तू. शेवटचे चार महिने "मला भाग्याकडे ने" म्हणून तिनं माझा जीव खाल्ला. मी नेलं नाही. का नेऊ? तुझ्या घरी ती राहणार आणि मी इथे एकटा काय खाणार होतो? जावयाच्या घरी जाऊन पडायचं मला शोभत नाही. तिलाही शोभलं नसतं. बायकांना शेवटी शेवटी काही सुचतं. आणि तुला यायला कोणी अडवलं होतं? दर शनिवारी येत होतीसच.

मी वाईट नवरा नव्हतो. हे तुला कबूल करावं लागेल.

अण्णा


२३ जून २०२५

भाग्यलक्ष्मी,

काल हर्षदराव श्रुतीला घेऊन आले होते. रविवार त्यांचा असतो ना. तू तिला त्यांच्याकडे पाठवतेस, ते तिला माझ्याकडे आणतात. म्हणजे आजोबाला नात भेटायची तर जावयाच्या मेहेरबानीनं. येताना बिस्किटं आणली, माझ्या औषधांची चिठ्ठी मागून घेतली, पायावर डोकं ठेवलं. पुण्याचे असले तरी वागायची रीत आहे त्यांना. पोटात एक असेल, मी काही बाळबुद्धीचा नाही. पण येतात तरी.

प्रतिज्ञापत्र आणलं होतं. मी वाचलं, दोन ठिकाणी इंग्रजी व्याकरण सुधारलं आणि सही केली. त्यात नवीन काही नाही. डबा कोणाच्या सांगण्यावरून आणला, चेन कोणी उघडी ठेवली, एवढंच. आता उडी मारू नकोस. मी न सांगता राहिलो असतो तर त्यांनी समन्स काढून नेलंच असतं.

पण मी तुला पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणानं. हर्षदराव फोनवर बोलत बाहेर गेले होते. पोर माझ्याजवळ बसून चित्र काढत होती. गालावरचा व्रण आता गुलाबी झाला आहे, हसली की ती बाजू वर जात नाही. मी तिकडे बघत नव्हतो. बघवत नाही मला. खाली मान घालून ती एकदम म्हणाली, "आबा, स्टेप्सवर राइस होता."

मी म्हटलं, कुठे?

"आमच्या टेंटच्या स्टेप्सवर. व्हाइट राइस. आणि बनाना पील. पेपर प्लेटमध्ये. मी जंप करून गेले त्याच्यावरून. मग मंकी दिसला."

मी उठून दार लोटून घेतलं. नऊ महिने पोर काही बोलली नव्हती.

मी विचारलं, हे अजून कोणाला सांगितलंस? म्हणाली, मम्मीला सांगणार आहे, आज आठवलं. मी तिला मांडीवर घेतलं. सांगितलं, बाळा, तुला चार दिवस ताप होता नैरोबीच्या दवाखान्यात. तापात माणसाला काही काही दिसतं. तुझ्या पणजीला तापात बैलगाडी दिसायची. भात तू कॅम्पच्या जेवणाच्या खोलीत पाहिला होतास, पायरीवर नाही. आठव बरं, जेवणाच्या खोलीत ना? ती चित्राचा कोपरा गिरवत राहिली. मग म्हणाली, "हां. डायनिंगमध्ये." शहाणी आहे पोर. दोनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा तिनं आपणहून म्हटलं.

हे मी तुला का लिहितो आहे? तिनं तुला काही वेडंवाकडं सांगितलं तर तू ते घेऊन वकिलाकडे धावू नयेस म्हणून. लहान पोर आहे ते. कोर्टात उभं करशील, चार माणसं उलटसुलट विचारतील, परेशान होऊन जाईल. आई असशील तर करणार नाहीस.

पाऊस पडत नाही, उकाड्यानं जीव नकोसा झाला आहे. तुझ्या खोलीची खिडकी अडकली होती ती सुताराकडून सैल करून घेतली.

अण्णा


१८ सप्टेंबर २०२५

भाग्यलक्ष्मी,

काल कोर्टात तुला बघितलं. वाळली आहेस. ती हिरवी साडी मालनची ना? मुद्दाम नेसून आलीस की काय? माझ्यावर परिणाम व्हावा म्हणून? झाला नाही.

तुझा तो वकील हौला आहे, अगदीच बावळट. मला विचारतो काय, तर तुमचे मुलीशी संबंध कसे आहेत! मी म्हटलं, वकीलसाहेब, ही माझी एकुलती एक मुलगी आहे, हिच्याविरुद्ध एक शब्द बोलताना माझी जीभ झडावी असं मला वाटतं, पण मी शिक्षक होतो, पोरांना खरं बोला म्हणून सांगत आलो. आणि मला रडू आलं. नाटक नव्हतं ते. तुझ्याकडे बघितलं, तू पाच वर्षांची असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये अशीच दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचीस, ते आठवलं आणि रडू आलं. जजबाईंनी मला पाणी द्यायला लावलं. सगळ्या खोलीला माझी दया आली. तुझ्या वकिलानं पुढचे प्रश्न गुंडाळून टाकले. सत्तरी ओलांडलेल्या, रडणाऱ्या बापाला काय विचारणार?

पायरीवरच्या भाताचं त्यानं काढलं नाही. म्हणजे माझं जूनचं पत्र तू त्याला दाखवलं नाहीस, पोरीलाही उभं केलं नाहीस. काय ते तुझं तुला माहीत.

मग तुझी पाळी. मला वाटलं होतं, तू भांडशील. मनाची तयारी करून बसलो होतो. हर्षदरावांच्या वकिलानं विचारलं, डबा आणायला तुम्हीच सांगितलं होतं का? तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं. आणि तू म्हणालीस, "मला आठवत नाही. पण अण्णा सांगतायत म्हणजे म्हणाले असेन. ते खोटं बोलणार नाहीत." मग चेनचं. "मला वाटतं मी लावली होती. आता खात्री नाही. वर्षभर तोच विचार करून करून मला काहीच खरं वाटत नाही."

बाई गं! त्या क्षणी मी उठून उभा राहिलो होतो, तुला दिसलं असेल. बाजूच्या माणसाला वाटलं मला चक्कर आली. त्यानं खाली बसवलं. मी बसलो.

हर्षदरावांनी गाडीतून घरी सोडलं. फाटकाशी उतरताना म्हणाले, "अण्णा, थँक यू. तुमच्यासाठी हे किती कठीण होतं ते मला कळतं." जावई झाला म्हणून काय झालं, माणूस मूर्खच.

घरी आलो आणि जेवलो नाही. हे तू वाचून खूश होशील, म्हणून लिहिलं.

अण्णा


९ नोव्हेंबर २०२५

माझ्या भाग्या,

निकाल कळला. ताबा हर्षदरावांकडे, तुला महिन्यातले दोन शनिवार, दहा ते पाच. झालं ते झालं. दिलसुखनगरच्या घरमालकाचा मला फोन आला होता, तुम्ही वडील ना, म्हणाला, बाई चार दिवस दार उघडत नाहीत, दूध बाहेर फाटून जातंय. दार उघड. दूध घे. असं करून चालत नसतं.

तू वर्षभर एकच गोष्ट विचारलीस आणि मी सरळ उत्तर दिलं नाही. आता देतो. आता आपण दोघंच राहिलो एकमेकांना, एका घरात राहायचं तर मध्ये काही असू नये असं मला वाटतं.

तू तसं म्हणाली नव्हतीस.

तू जीपमध्ये चढताना फक्त "अण्णा, आराम करा" म्हणालीस. तुझ्या तंबूची चेन लावलेली होती, कडी घातलेली होती. ती मी काढली.

तुम्ही गेलात, मी आंघोळ केली. स्वयंपाकघरात जाऊन भात मागितला, केळं मागितलं. कपाटातला लाडवांचा डबाही मागितला, तर तो माणूस कां-कूं करायला लागला. म्हणून सांगितलं, मुलीनं सांगितलंय, पोरीला भूक लागते. तिथे पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. तेव्हा मनात काही पाप नव्हतं गं. रव्याचे लाडू मालनला आवडायचे, पानावर पाहिजे होते, एवढंच. केळीचं पान कुठलं, कागदाची ताटली घेतली. माझ्या तंबूमागे दगडावर ठेवली आणि दक्षिणेला तोंड करून तुझ्या आईला हाक मारली. तिथले कावळे आपल्यासारखे नसतात, छाती पांढरीशुभ्र. एक आला. तुमच्या तंबूवरच्या झाडावर बसला. खाली येईना. मला वाटलं, मालनला मुलीच्या दाराशी जेवायचं आहे. आयुष्यभर तिला नेलं नाही, आता तरी नेऊ. म्हणून ताटली उचलून तुमच्या पायरीवर ठेवली. पानाभोवती फिरवायला पाणी पाहिजे होतं, तुमच्या तंबूत पाण्याचा जग होता, त्यासाठी कडी काढून आत गेलो, डबा श्रुतीच्या खाटेवर ठेवला. पाणी फिरवलं आणि लांब जाऊन बसलो. माणूस जवळ असला की कावळा उतरत नाही. चेन लावायची राहून गेली.

कावळा उडून गेला. नदीकडून बबून आले. सात-आठ होते. त्यातला एक गाढवाच्या शिंगराएवढा, तोंड कुत्र्याचं. मी माझ्या तंबूत शिरलो, चेन लावून घेतली आणि जाळीतून बघत राहिलो. बाकीचे बबून लाडू पळवून निघून गेले, तो मोठा आत राहिला. काठीवाला रखवालदार स्वयंपाकघरापाशीच होता, हाक मारली असती तर धावत आला असता. मारली नाही. त्यानं पहिलं हेच विचारलं असतं, हे अन्न कोणी ठेवलं? परक्या देशात, परक्या माणसांपुढे, एका शाळामास्तरानं काय सांगायचं? म्हटलं, खाईल आणि जाईल.

मग जीपचा आवाज आला. श्रुती सगळ्यांच्या पुढे पळत होती, हातात ती चित्रांची वही. तंबू तिच्यापासून साठ-सत्तर पावलं असेल. साठ-सत्तर पावलं म्हणजे बराच वेळ असतो भाग्या. "थांब" म्हणायला एक क्षण पुरतो. मी जाळीशी उभा होतो, तोंड उघडलं होतं, आणि मी हाक मारली नाही. भीतीनं आवाज फुटला नाही असं मी स्वतःला सांगत आलो. तेही पूर्ण खरं नाही. आवाज होता. आधी ती ताटली उचलायला पाहिजे, हा विचार चालला होता डोक्यात.

तुम्ही सगळे तिला उचलून गाडीकडे पळालात, तेव्हा मी ताटली झुडपात टाकली आणि पायरी धुतली. हर्षदराव ओरडत होते, "डबा कोणी आणला?" स्वयंपाकघरातला माणूस माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, यांनी नेला, मुलीनं सांगितलं म्हणून. मला नवीन काही बोलावंच लागलं नाही. फक्त "हो" म्हणायचं होतं.

हे झालं सगळं. आता तू रडशील, मला शिव्या देशील, हे पत्र घेऊन वकिलाकडे पळशील. वर अपील करता येतं, मला माहीत आहे. जा. नक्को म्हणत नाही. पण जायच्या आधी शांतपणे विचार कर. हा कागद कोण खरा मानेल? भर कोर्टात तू म्हणालीस, अण्णा खोटं बोलणार नाहीत. त्याच कोर्टात मी तुझ्यासाठी रडलो, जजबाईंनी बघितलं. आता निकाल लागल्यावर एका म्हाताऱ्या बापाचं पत्र निघतं, की दोष माझा होता, माझ्या लेकीचा नव्हता. लोक काय म्हणतील? म्हणतील, बघा बापाची माया, पोरीसाठी पाप स्वतःच्या डोक्यावर घेतो आहे. मला विचारलं तर मी मान खाली घालून गप्प बसेन. मग तर खात्रीच पटेल सगळ्यांची. हर्षदराव तर माझ्या पाया पडतील.

आणि श्रुतीला आता विचारून उपयोग नाही. परवा आली होती. मी मुद्दाम विचारून बघितलं. म्हणाली, "राइस डायनिंगमध्ये होता आबा, तुम्हीच सांगितलं ना."

मला तुझा राग नाही. तुझ्यावर माझा जीव आहे, हे या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य समज. तू संसारात होतीस तोवर मला कोण होतं? मालन गेली, तू शनिवारची पाहुणी. आता तुला नवरा नाही, पोर नाही, त्या दोन खोल्यांत राहायचं कारण नाही. लोक विचारतील तर सांगू, वडिलांची तब्येत बरी नसते म्हणून आली. कोणी काही म्हणणार नाही, उलट कौतुक करतील. तुझी खोली झाडून, पंखा पुसून ठेवला आहे. ते दोन शनिवार श्रुतीलाही इथेच आणता येईल, मोठं अंगण आहे, खेळेल.

बाहेरचा डबा पंधरा तारखेपासून बंद करायला सांगितला आहे. त्याच्या आत ये. मला सकाळी सातला चहा लागतो आणि मऊ पोळी, बाकी माझं काही मागणं नसतं.

अण्णा